कुठेही खेळणारा

"आपल्याकडे होता तेव्हा कुणी विचारलं का रे त्याला?" शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मित्र हळहळला. अंगात मँचेस्टर युनायटेडची जुनी जर्सी, पाठीवरचा आकडा अर्धा सोललेला.

विषय फुटबॉलपटू स्कॉट मॅकटॉमिने. युनायटेडमध्ये कधी बचावाला, कधी गोल हवा म्हणून शेवटी पुढे. २०२४ मध्ये इटलीच्या नापोली क्लबला गेला. पहिल्याच मोसमात लीगमध्ये १२ गोल, विजेतेपद, वर सेरी आचा, म्हणजे तिथल्या अव्वल लीगचा, सर्वोत्तम खेळाडू! कॅल्यारी क्लबविरुद्ध हवेत उडी घेऊन कात्रीसारखे पाय फिरवत मारलेला तो गोल मित्राने मोबाइलवर परत परत दाखवली.

मला मात्र वेगळंच खटकत राहिलं. 'हा कुठेही खेळतो' हे आपण कौतुकाने म्हणतो आणि नेमकं त्यालाच हक्काची जागा देत नाही. नापोलीत प्रशिक्षक कॉन्तेने दिली. (ऑफिसात तरी वेगळं काय होतं म्हणा!)

तुमच्या टीममधून असा कोण गेला?