आज गोरेगावला मुलाखत देऊन आलो

अकरा वर्षं हिंजवडीत सर्व्हर सांभाळतोय, हाताखाली सहा जण आहेत. आज समोर आलेली जागा डेस्कटॉप सपोर्टची. कुणाचा पेन-टॅबलेट चालेना, कुणी पासवर्ड विसरलं, की धावायचं. पगार जवळपास निम्मा. पण स्टुडिओ व्हीएफएक्सचा, म्हणजे सिनेमातली कॉम्प्युटरवरची दृश्यं बनवणारा, आणि या क्षेत्रात शिरायचं कॉलेजपासून मनात आहे.

मुलाखतीनंतर त्यांनी रेंडर फार्म दाखवला, म्हणजे त्या दृश्यांची एकेक फ्रेम (चित्र) तयार करणाऱ्या कॉम्प्युटरांचा ताफा. काचेपलीकडे रॅकच्या रांगा, पंख्यांची घरघर, स्क्रीनवर रांगेत थांबलेल्या फ्रेम्स. सेकंदाला २४, म्हणजे दोन तासांच्या सिनेमाला १,७२,८००! अवघड शॉटची एकेक फ्रेम तासन् तास चालते. रात्री मशीन बसलं तर सकाळी आर्टिस्टचे हात रिकामे. ती रांग बघताना छातीत धडधडलं. हे काम मला येतं.

घरी हिशेब मांडला. फ्लॅटचा हप्ता, मुलीची फी. बायको म्हणाली, "दीड वर्ष निभावू. पण तिथून वर जायची वाट आहे का, ते विचारलंस?"

नव्हतं विचारलं. सपोर्टमधले किती जण पुढे रेंडर टीममध्ये गेले, हे उद्या सकाळी फोन करून विचारणार आहे. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचंय. या क्षेत्रात कुणी असाल तर मनापासून सांगा.