एटीसी लॉग, महिना चौथा: माझे ‘ओके’ मोजायला घेतले

मागच्या रविवारी व्हॅटसिमवर (घरच्या सिम्युलेटरवरची विमानं एकत्र उडवायचं ऑनलाइन जाळं, तिथे कंट्रोलरही हौशी माणसंच) मुंबई ते गोवा उडवलं, ए३२० विमान घेऊन, आणि नशिबाने त्या संध्याकाळी मुंबईला निघायची परवानगी देणाऱ्या डिलिव्हरीपासून विमानतळाजवळची विमानं सांभाळणाऱ्या अप्रोचपर्यंत सगळे एटीसी कंट्रोलर (विमानांना रेडिओवर सूचना देणारे) ऑनलाइन होते म्हणून पूर्ण सेशन रेकॉर्ड करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत ऐकलं तर विमान बरं उडवलंय पण तोंडाला काही लगामच नाही. १४ वेळा ओके. एकदा तर ‘ओके ओके रॉजर’. कंट्रोलरने काय समजायचं?

चार महिन्यांनी मला वाटायला लागलंय की रेडिओवरची ही ठरलेली भाषा शिकताना शब्द पाठ करणं हा सोपा भाग आहे, अवघड आहे ती आपली हां म्हणायची सवय मोडणं. फोनवर आपण समोरच्याला सतत ‘हां… हां… हां’ देत असतो, त्यातलं एक हां म्हणजे ऐकतेय, दुसरं म्हणजे बरं करते, तिसरं म्हणजे बरोबर आहे तुझं, आणि समोरच्यालाही ते सुरावरून कळतं. रेडिओवर सूर-बिर काही नाही, खरखर आहे, म्हणून त्या एका हां चे तीन तुकडे केलेत. रॉजर म्हणजे तुमचं बोलणं पूर्ण पोचलं, बस्स, त्यात होकार नाही की नकार नाही. विल्को म्हणजे कळलं आणि तसंच करते. अफर्म म्हणजे हो. अफर्मेटिव्ह पूर्ण म्हणायचं नाही कारण त्याचा आणि निगेटिव्हचा (म्हणजे नाही) शेवट सारखा ऐकू येतो, आणि पीटीटी (बोलताना दाबून धरायचं) बटण दाबायच्या आधीच बोलायला सुरुवात केली (मी करते) की पहिलं अक्षर गायब.

माझा घोळ बघा. कंट्रोलरने विचारलं, कन्फर्म इन्फर्मेशन चार्ली? म्हणजे एटीआयएसवरची हवामान-रनवेची ताजी माहिती, जिला ए बी सी अशी अक्षरं देतात, तिची सी वाली आवृत्ती ऐकलीस का. मी ठणकावून ‘रॉजर’. म्हणजे तुमचा प्रश्न पोचला हो! त्याने परत विचारलं, अफर्म ऑर निगेटिव्ह? तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

स्क्वॉकचा (रडारवर आपलं विमान ओळखू यावं म्हणून ट्रान्सपाँडर नावाच्या यंत्रात टाकायचा चार आकडी कोड) किस्सा याहून भारी. क्लिअरन्स (ठरलेल्या मार्गाने जायची परवानगी) घेताना मी वहीत लिहून घेते, आणि घाईत हात आपोआप मराठी आकड्यांवर जातो. कंट्रोलरने सांगितलं टू थ्री फोर वन, मी लिहिलं २३४१, आणि रीडबॅक करताना (ऐकलेलं परत म्हणून दाखवताना) माझ्याच अक्षरातला मराठी चार मला इंग्रजी आठ दिसला. ‘स्क्वॉक टू थ्री एट वन.’ निगेटिव्ह, टू थ्री फोर वन, असं लगेच आलं आणि नंतर टेक्स्टवर हसऱ्या तोंडासकट समजावलं की ट्रान्सपाँडरला आठ आणि नऊ नसतातच, प्रत्येक घर ० ते ७, म्हणून एकूण कोड ४०९६. म्हणजे माझी चूक मशीनवर टाकताच आली नसती. पण हेडिंगमध्ये (विमानाच्या दिशेत) किंवा उंचीत असाच चार-आठ झाला असता तर? म्हणून नवीन नियम, वहीत फक्त इंग्रजी आकडे. आणि आकडे मोबाईल नंबर सांगतो तसे सुटे सुटे म्हणायचे, हेडिंग टू सेव्हन झीरो, नऊला नाईनर म्हणजे तो फाईव्हमध्ये मिसळत नाही.

रीडबॅकचं मला आधी ओझं वाटायचं, तेच परत पोपटासारखं म्हणायचं. मग मागच्या आठवड्यात फ्लाईंग टायगर ६६ बद्दल वाचलं. १९ फेब्रुवारी १९८९, क्वालालंपूरला उतरणारं मालवाहू ७४७. कंट्रोलर म्हणाला ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’, त्याच्या डोक्यात २४०० फूट, त्यातला टू हा आकडा. कॉकपिटमध्ये तो टू ‘पर्यंत’ असा ऐकू आला, म्हणजे ४०० फुटांपर्यंत. उत्तर काय गेलं? ‘ओके, फोर झीरो झीरो.’ म्हणजे रीडबॅक चुकीचा होता आणि तो पकडला गेला नाही, विमान टेकडीवर गेलं आणि चौघंही गेले. आता नियमाप्रमाणे टू थाउजंड फोर हंड्रेड फीट असं थाउजंड-हंड्रेड लावून म्हणतात.

आणि टेनेरिफ तर या छंदातल्या सगळ्यांना माहीत असतंच, २७ मार्च १९७७, धुकं, रनवेवर एकमेकांवर आदळलेली दोन ७४७, एक केएलएमचं, एक पॅन अ‍ॅमचं, ५८३ माणसं गेली. पण मी या वेळी फक्त शब्दांकडे बघत परत वाचलं. केएलएमला रूट क्लिअरन्स मिळाला होता, टेक-ऑफचा नाही, पण त्या क्लिअरन्समध्ये टेक-ऑफ हा शब्द आला होता. केएलएमकडून गेलं ‘वी आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ’. टॉवर म्हणाला ‘ओके’, क्षणभर थांबला, आणि मग म्हणाला स्टँडबाय फॉर टेकऑफ, मी सांगतो. नेमकं त्याच वेळी पॅन अ‍ॅमवाले सांगत होते की आम्ही अजून रनवेवरच आहोत. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघं एकदम बोलले की फक्त किंचाळी ऐकू येते. त्यामुळे केएलएमच्या कॉकपिटमध्ये नीट पोचला तो तेवढा ओके. हे वाचून मी जरा वेळ लॅपटॉप बंदच केला. टेक-ऑफ हा शब्द आता फक्त परवानगी देताना नाहीतर रद्द करताना वापरतात, एरवी डिपार्चर. मी रविवारी ‘रेडी फॉर टेकऑफ’ म्हणाले होते हे वेगळं सांगायला नको.

नवीन लोकांसाठी एक, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचं रेकॉर्डिंग ऐकून सुरुवात करू नका, मी केली आणि दोन आठवडे वाया घालवले. ते लोक सुसाट बोलतात, शिवाय फ्रिक्वेन्सीतलं टिंब त्यांचं पॉइंट ते आपलं डेसिमल, हवेचा दाब सांगताना त्यांचं अल्टिमीटर टू नाईनर नाईनर टू ते आपलं क्यूएनएच वन झीरो वन थ्री. ऐकायला मजा येते पण तोंडात भलतंच बसतं. आणि खरा रिसीव्हर घेऊन विमानांचं ऐकायचं तर आपल्याकडे परवान्याचा विषय निघतो, त्या वाटेला मी गेलेच नाही.

काल परत तोच रूट उडवला. मॉनिटरला चिठ्ठी चिकटवली होती, ‘ओके नाही’. टाळता टाळता मध्येच गप्प बसायला होत होतं पण लाइन अप अँड वेट (रनवेवर येऊन थांबा), रनवे टू सेव्हन, शेवटी कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव), सगळं एका दमात गेलं. रेकॉर्डिंगमध्ये मोजलं, अख्ख्या फ्लाईटमध्ये ओके एकच. तो पण आईला होता. तिने दारातून चहा टाकू का विचारलं, मी ‘ओके, टाक’ म्हणाले आणि बोट पीटीटीवरच होतं. दोन सेकंदांनी अप्रोचवरून आलं, स्टेशन कॉलिंग, से अगेन?