फुलीचे दगड

शनिवार, रात्री

काल रात्री पाऊस धो धो कोसळला म्हणून आज सकाळीच पॅट्रिक काउंटी गाठली. व्हर्जिनियातलं फेअरी स्टोन पार्क. इथे खणायला बंदी, फावडं-कुदळ काही चालत नाही. पावसानं उघडे पाडलेले फुलीच्या आकाराचे खडे हातानं वेचायचे, तेही स्वतःपुरते, मोजके. विकायचं तर नाहीच. नियम मला आवडतो.

ख्रिस्ताच्या मृत्यूची बातमी ऐकून पऱ्या रडल्या आणि त्यांच्या आसवांचे हे क्रूस झाले, अशी इथली कथा. खरं काम चिखलाचं. चिखलाचे जुने थर डोंगर घडताना दाबले गेले, तापले, त्यांचा शिस्ट, म्हणजे पापुद्र्यापापुद्र्यांचा खडक झाला आणि त्यात स्टॉरोलाइट हे खनिज वाढलं. लोह-ॲल्युमिनियमचं सिलिकेट, रंग तपकिरी. बरेचसे स्फटिक नुसत्या कांड्याच असतात. दोन एकमेकांत घुसून वाढले तरच फुली होते, आणि तिचे कोन ठरलेले: साधारण ६० अंश, नाहीतर जवळपास ९०. तिरप्या फुल्या जास्त सापडतात, काटकोनी कमी, म्हणून सगळी झुंबड काटकोनीवर. मला तिरपीच आवडते. काटकोनी, चारी हात सारखे, गुळगुळीत दिसली की आधी संशयच येतो. दुकानांत मऊ दगड कापून केलेले क्रूस सर्रास मिळतात.

आजचा सगळ्यात चांगला नमुना अंगठ्याच्या नखाएवढा. भिंगाखाली धरला तर एका हाताचं तुटलेलं टोक चक्क षट्कोनी, आणि दोन हात मिळतात त्या बेचक्यात अभ्रकाचे कण घट्ट रुतलेले. कोरीव दगडात तिथे कानशीचे ओरखडे दिसतात. चाकूची परीक्षा मात्र इथे फसवी. ताजा स्टॉरोलाइट चाकूला दाद देत नाही, पण इथल्या बऱ्याच खड्यांचं अर्धंमुर्धं अभ्रकात रूपांतर झालेलं असतं; ओरखडा उठला म्हणून खडा नकली ठरत नाही.

(कियास्टोलाइट या दुसऱ्या फुलीवाल्या खनिजाचं प्रकरण वेगळं. त्यात काळी फुली आतल्या कार्बनची, कांडी आडवी कापल्याशिवाय दिसतच नाही.)

जुन्या टूथब्रशनं सगळे धुतले. फडताळात जळगावच्या अपोफिलाइटच्या चकचकीत स्फटिकांशेजारी ठेवले तर अगदीच गावंढळ दिसतात. असू देत. उद्या चिठ्ठ्या लावायच्या: ठिकाण, तारीख, कोन. शिवाय पुढच्या खेपेला गुडघ्याखाली काहीतरी जाड घ्यायला हवं, आज पार वाट लागली.