युकुलेले विकले चार दिवसांत, पोहोचवले एकोणीस दिवसांत : माझा अनुभव

माझे टेनर युकुलेले, म्हणजे गिटारसारखे पण लहान असे चार तारांचे वाद्य, विकायला चार दिवस लागले आणि विकलेले ते वाद्य परभणीहून नाशिकला पोहोचवायला एकोणीस. त्या एकोणीस दिवसांत मी एकाच पार्सल कार्यालयात सहा वेळा गेले आणि सहाही वेळा वाद्य घेऊन घरी परत आले. त्याला आता काही महिने होऊन गेले, तरी त्या खिडकीवर ऐकलेले शब्द मनातून जात नाहीत. हाताने घडवलेले वाद्य दुसऱ्या वादकाला विकू पाहणाऱ्या कोणाला तरी उपयोग व्हावा, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

हे युकुलेले मी 2015 साली पुण्यातल्या एका कारागिराकडून करवून घेतले होते. पाठ आणि कडा शिसवीच्या, पुढची फळी, म्हणजे सतारीच्या भाषेतली तबली, स्प्रूसची, आणि नटपासून, म्हणजे दांडीच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, तबलीवरच्या ब्रिजच्या खोगिरापर्यंत तारेची लांबी सतरा इंच. शाळेतून निवृत्त होईपर्यंत मुलांच्या गाण्यांना मी त्याचीच साथ दिली. पुढे मी त्याहून मोठ्या बॅरिटोन युकुलेलेकडे वळले, ज्याच्या चार तारा गिटारच्या बारीक बाजूच्या चार तारांच्या स्वरांत लावतात, आणि टेनर दीड वर्ष पेटीत पडून राहिले. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात न वाजवलेले वाद्य पेटीत ठेवणे मला पाहवेना. लाकूड आकसते, फ्रेटची, म्हणजे दांडीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांची, टोके दांडीच्या कडेबाहेर येऊन बोटाला टोचू लागतात, आणि याच कारणाने 2019 च्या उन्हाळ्यात तबलीला केसाएवढी एक चीर गेली होती. ती मी त्याच कारागिराकडून आतून लाकडाच्या बारीक पट्ट्या लावून दुरुस्त करून घेतली होती.

विक्रीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. नाशिकचे एक तरुण अभियंते सहा वर्षे युकुलेले वाजवत होते आणि त्यांना हाताने घडवलेले टेनरच हवे होते. व्हिडिओ कॉलवर आम्ही दीड तास बोललो. चीर मी त्यांना सगळ्यात आधी दाखवली, दिवसाच्या उजेडात, भिंग धरून. त्यांनी विचारलेला एक प्रश्न मात्र प्रत्येक विकणाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे : "ताई, यावर कधी लो जी तार लावली होती का?" लावली होती. युकुलेलेची चौथी तार नेहमीच्या रचनेत वरच्या सप्तकातली, म्हणून बारीक असते. खर्जातला जी लावायचा तर जाड तार लागते आणि तिच्यासाठी नटची खाच कानशीने रुंद करावी लागते. पुढे कोणी बारीक तार लावली की ती त्या खाचेत सैल बसते आणि झणझणते. मी हे सांगितले, ते म्हणाले की ते लो जीच वाजवतात, आणि चोवीस हजारांना घेतलेले वाद्य सतरा हजारांना ठरले.

आता त्या खिडकीबद्दल.

पहिल्या दिवशी कारकुनाने विचारले, "मॅडम, बिल कुठंय?" हाताने घडवलेल्या नऊ वर्षांच्या वाद्याचे बिल माझ्याकडे नव्हते. "बिल नाही तर किंमत टाकता येत नाही, अन् किंमत नाही तर विमा नाही होत." मग फॉर्ममध्ये वस्तूचा प्रकार कोणता लिहायचा यावर वीस मिनिटे गेली, कारण त्या यादीत वाद्य हा शब्दच नव्हता. कारकुनाने माझ्यादेखत 'खेळणी' लिहिले. मी ते खोडायला लावले. तेव्हा 'फर्निचर' लिहू का, असे विचारण्यात आले. युकुलेले आकाराने लहान, म्हणून त्याला खेळणे समजणारे लोक मला आयुष्यभर भेटले आहेत, पण विम्याच्या कागदावर तो शब्द चढला असता तर उद्या मोडतोड झाल्यावर मला खेळण्याची भरपाई मिळाली असती. 1879 साली मदेइरा बेटावरून जहाजाने होनोलुलूला आलेल्या ज्या तीन कारागिरांनी पुढे हे वाद्य घडवले, ते फर्निचर करणारेच सुतार होते. पण म्हणून त्यांच्या हातून घडलेल्या वाद्याला कोणी टेबल-खुर्ची म्हणत नाही, हे मी कारकुनांना समजावून सांगितले. त्यांच्या मागे लावलेल्या यादीत त्यामुळे काही फरक पडला नाही.

दुसऱ्या खेपेपर्यंत पाच दिवस गेले, कारण मी पुण्याच्या कारागिरांकडून सहीचे पत्र मागवले. त्यांनी सुंदर अक्षरात घडवल्याचे वर्ष, लाकडांची नावे, तारेची लांबी, 2019 ची दुरुस्ती आणि आजची अंदाजे किंमत लिहून पाठवली. हे पत्र खरे तर पहिल्या दिवसापासून पेटीत असायला हवे होते. आपले वाद्य ज्याने घडवले तो हयात आहे तोवर असे पत्र घेऊन ठेवा, विकायचे नसले तरी.

पण त्या पत्रात 'शिसव' हा शब्द होता आणि तेथेच घोडे अडले. कारकुनाने तो शब्द बोटाने दाबून धरला आणि शिसवीला वन खात्याचा परवाना लागतो, असे सांगितले. मला या विषयाची माहिती होती. शिसवीचा जवळजवळ सारा वंश जानेवारी 2017 पासून सायटिस कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आला, म्हणून कित्येक वाद्यांच्या परदेशी वाहतुकीला कागदपत्रे लागू लागली, आणि नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. शिवाय तो करार देशोदेशींच्या व्यापाराबद्दल आहे, परभणी ते नाशिक या प्रवासाबद्दल नाही. मी हे सगळे दोनदा सांगितले. "तुम्ही म्हणता ते खरं असंल मॅडम, पण आम्हाला कागद पाहिजे," एवढेच उत्तर मिळाले.

तिसऱ्या खेपेला त्याच उत्तराची आवृत्ती ऐकली. मग मी वन कार्यालयात गेले. तेथल्या बाईंनी वाद्य हातात घेतले, तार छेडून पाहिली आणि घरातल्या वाद्याला असला परवाना कोणी मागत नाही, असे सांगितले. तसे लिहून द्यायला मात्र त्या तयार झाल्या नाहीत, कारण ज्याचा परवानाच नाही त्याबद्दल त्या काय लिहिणार? चौथ्या खेपेला मी हे तोंडी उत्तर घेऊन खिडकीवर गेले आणि अर्थातच ते चालले नाही. बाहेर बेचाळीस अंश ऊन होते आणि रिक्षात मी पेटीवर ओली चादर धरून बसले होते. (वाद्य उन्हात उभ्या असलेल्या गाडीत कधीही ठेवू नका. ब्रिजचा गोंद सैल पडतो आणि तारांच्या ताणाने ब्रिज उचलला जातो.)

पाचव्या खेपेला वरिष्ठ भेटले. त्यांनी पत्र पूर्ण वाचले आणि परवान्याचा आग्रह सोडला, पण तपासणीसाठी खोके उघडावे लागेल, असे सांगितले. तारा दीड सूर उतरवून, दांडीखाली आणि खुंट्यांच्या टोकाखाली कागदाचे बोळे दाबून, पेटीच्या चारही बाजूंना तीन बोटे बबल रॅप भरून मी ते खोके दोन तास खपून बांधले होते. कर्मचाऱ्याने ते सुरीने मधोमध कापले. सुरीचे टोक पेटीच्या झाकणावर ओरखडा उठवून थांबले. आत झाकण नसते, तर तो ओरखडा तबलीवर उठला असता. त्या क्षणी माझे हात थरथरत होते, आणि मी तेथे आवाज चढवला याचे मला आजही वाईट वाटत नाही.

सहाव्या खेपेला नवे खोके. वजनकाट्यावर साडेतीन किलो भरले, पण भाडे बारा किलोंचे लावले गेले. खोके 80, 35 आणि 22 सेंटिमीटरचे होते. या तिन्हींचा गुणाकार करून पाच हजारांनी भागले की 12.32 येतात, आणि खऱ्या वजनापेक्षा हा आकडा मोठा असेल तर भाडे याचेच लागते. हा हिशेब खोके निवडण्याआधी करावा. तेही मी मान्य केले होते. पैसे काढता काढता मी पावतीच्या मागची बारीक अक्षरे वाचली. नाजूक वस्तूंच्या तुटफुटीला विमा लागू नाही, असे तेथे छापले होते. ज्या विम्यासाठी मी पत्र मागवले आणि वन कार्यालय गाठले, तो विमा या वस्तूसाठी नव्हताच, आणि पहिल्या दिवशी कोणी तसे सांगितले नाही. मी पावती परत केली आणि खोके उचलले. कोणत्याही कार्यालयात पहिल्याच दिवशी अटींचा छापील कागद मागून घरी नेऊन वाचावा.

दुसऱ्या दिवशी मी तपोवन एक्सप्रेसमध्ये बसले. वाद्य मांडीवर होते. नाशिक रोड स्थानकावर ते तरुण आईबरोबर आले होते. शेजारच्या चहाच्या हॉटेलात त्यांनी तारा चढवल्या, मग बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तीच तार दाबून येणारा स्वर चारही तारांवर ताडून पाहिले. चीर शोधायला त्यांना मोबाइलचा दिवा लागला. मग त्यांनी काही वेळ वाजवले आणि दीड वर्षांनी तो आवाज समोरून ऐकताना मला कळले की खर्जाचा जी जवळून वाजवताना जितका येतो, त्याहून कितीतरी भरलेला लांबून ऐकू येतो. वाजवणाऱ्याला तो कधी कळतच नाही. पैसे त्यांनी तेथेच फोनवरून पाठवले. कारागिरांचे पत्र मी त्यांना दिले आणि त्याखाली विक्रीची तारीख, रक्कम लिहून आम्ही दोघांनी सह्या केल्या.

जूनच्या अखेरीस त्यांचा निरोप आला. पाऊस सुरू झाल्यापासून फ्रेटची टोके बोटाला लागेनाशी झाली आहेत, आणि ते पत्र त्यांनी पेटीच्या झाकणाच्या खणात ठेवले आहे.