तुम्ही विचारलंत म्हणून : आळेकर नट की नाटककार?

आमच्या नाट्यवाचनाला येणारी कॉलेजची पोरं एक प्रश्न हमखास विचारतात. ''व्हेंटिलेटर' सिनेमातले ते आळेकर नाटकंपण लिहायचे म्हणे?' आणि त्यांच्या आईवडिलांच्या वयाची माणसं नेमकं उलटं विचारतात : एवढा मोठा नाटककार, या वयात सिनेमात कामं कशाला करतो? दोघांच्या मनात शंका एकच. माणूस मुळात नट की नाटककार?

माझ्या मते सतीश आळेकरांच्या बाबतीत ही वाटणीच चुकीची आहे. त्यांचं लिखाण नटाच्या तोंडात बसेल असंच झालेलं आहे, आणि टेबलापाशी बसून मनात वाचलंत तर निम्मं हाती लागणार नाही.

जन्म दिल्लीचा, ३० जानेवारी १९४९चा, पण माणूस पक्का पुण्यातला. फर्ग्युसन, मग पुणे विद्यापीठातून बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. आणि पुढे बी. जे. मेडिकल कॉलेजात नोकरी. ही नोकरी लोक ओळीत उल्लेखून सोडून देतात; मला ती फार महत्त्वाची वाटते. नाटकातले सोबतचेही तसेच. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. दिवसा आपापली कामं, संध्याकाळी तालीम. नाटकावर घर चालवायचं नाही म्हटल्यावर 'हे चालेल का' असं बुकिंग क्लार्कला विचारावं लागत नाही. डिसेंबर १९७२मध्ये आलेलं 'घाशीराम कोतवाल' ते काढणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या पुण्यातल्या संस्थेनंच १९ प्रयोगांनंतर थांबवलं, तेव्हा ही मंडळी बाहेर पडली आणि १९७३मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी काढली. आळेकर त्यातच वाढले. म्हणजे लेखक म्हणून ते घरी एकटे बसलेले नव्हते. कोण गातो, कोणाला ताल आहे, कोणाचा चेहरा नुसता उभा राहिला तरी हसू येतं, हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर रोज होतं.

१९७४मध्ये 'महानिर्वाण' आलं तेव्हा त्यांचं वय पंचवीस. चाळीतले भाऊराव कीर्तनकार मरतात आणि उठून स्वतःच्याच मरणाचं कीर्तन लावतात. जाळायचं तर जुन्याच स्मशानात, हा त्यांचा हट्ट. आणि ते स्मशान तर बंद झालेलं. प्रेत घरात, चाळकरी दारात, मुलगा नाना मधल्यामध्ये. तिकडे नुकतीच विधवा झालेली रमा खांदेकऱ्यांपैकी 'डावीकडून तिसरा' कोण होता यात अडकलेली. विषय काय, तर घरातला बाप गेला. पण आख्यान, अभंग, टाळ, हरिदासी थाट असं सगळं आपल्या कानात बसलेलं सामान त्या मढ्याच्या तोंडी दिलंय. दुःख व्यक्त करायची आपली जी ठरलेली भाषा आहे ना, तीच तिथे उघडी पडते.

आता मजा बघा. नाटक लिहिलं आळेकरांनी, बसवलंही त्यांनीच. संगीत आनंद मोडक यांचं. आणि भूमिका? भाऊराव केले चंद्रकांत काळ्यांनी. गाणं, टाळ्या, हशे सगळे तिकडे. आळेकरांनी स्वतःकडे ठेवला नाना. सतत कोणाचं तरी ऐकणारा, गांगरलेला, हो ला हो करणारा. स्वतः लिहिलेल्या नाटकात दुसऱ्याला टाळी मिळावी म्हणून उभं राहणं हे नटाचं काम कमी आणि लेखकाचं जास्त, असं मला वाटतं.

हे वाचून कळत नाही म्हणतो ते का, तेही सांगतो. गेल्या वर्षी आमच्याकडचा एक मुलगा भाऊराव वाचत होता. आवाज खर्जातला, छान. पण मेलेला माणूस बोलतोय म्हणून त्यानं स्वर खाली नेला, प्रत्येक वाक्यानंतर सुस्कारा. प्रवेश आडवा पडला. त्याला पुस्तक खाली ठेवायला लावलं, चिपळ्या दिल्या आणि म्हटलं, तू मेलेला नाहीस, तू बुवा आहेस, समोर भाविक बसलेत, त्यांना जागं ठेव. दोन ओळींत खोली हसायला लागली, आणि त्या हसण्यातच कोणीतरी एकदम गप्प झालं. लिहिताना तो ताल लेखकाच्या हातात असणारच, नाहीतर कागदावर असा उतरत नाही.

'बेगम बर्वे' (१९७९) तर नटांवरचंच नाटक. संगीत नाटकाच्या वैभवाच्या दिवसांत किरकोळ स्त्रीभूमिका केलेला बर्वे आता उदबत्त्या विकतो, जिन्याखाली राहतो, त्याच्यावर हुकूम गाजवणाऱ्या श्यामरावाचा मार खातो. जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून, आणि त्यांच्या कचेरीतल्या नलावडेबाईंची त्यांच्या डोक्यात चाललेली स्वप्नं. बर्वे त्या स्वप्नात शिरतो आणि नलावडेबाईच होतो. लग्न होतं, डोहाळेही लागतात. मधूनमधून नाट्यपदं. बालगंधर्वांची नक्कल करून हशा घेणं सोपं होतं, पण इथे त्या गाण्याला कोणी हसत नाही. मराठी माणसाच्या संगीत नाटकावरच्या प्रेमाबद्दल इतकं निर्दय आणि इतकं हळवं एकाच वेळी कोणी लिहिलेलं मला तरी माहीत नाही.

पुढचं थोडक्यात. 'शनिवार-रविवार', 'दुसरा सामना', 'अतिरेकी', 'पिढीजात' ही नाटकं. 'जैत रे जैत'ची पटकथा. १९९४मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०१२मध्ये पद्मश्री. १९९६पासून २००९पर्यंत पुणे विद्यापीठातल्या ललित कला केंद्राचे प्रमुख. या शेवटच्या कामावर खरं तर वेगळं लिहायला हवं. तिथून निघालेली मुलंमुली आज जिकडेतिकडे दिसतात.

आणि मग 'व्हेंटिलेटर', २०१६. घरातला म्हातारा यंत्रावर, गणपती तोंडावर, आणि दवाखान्यात जमलेलं गोतावळ्याचं राजकारण. त्या गर्दीत आळेकर बसलेले पाहिले आणि मी थिएटरात एकटाच हसलो. बेचाळीस वर्षांपूर्वी चाळीत प्रेत ठेवून याच माणसांची गंमत त्यांनीच केली होती! पोरांना हे माहीत नसतं, त्यात त्यांचा दोष नाही. पडद्यावर ते फार काही करताना दिसत नाहीत, समोरच्याचं ऐकतात. तो नाना आहे, म्हातारा झालेला.

'मग सुरुवात कुठून करू?' हाही प्रश्न मागोमाग येतोच. 'महानिर्वाण' घ्या, चौघंपाच जण जमवा, मोठ्यानं वाचा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. 'बेगम बर्वे'च्या आधी मात्र बालगंधर्वांची चार पदं ऐकाच, नाहीतर उदबत्तीवाल्या बर्वेचं काय हरवलंय ते समजणार नाही. 'पिढीजात'ची घाई नको, ते चाळिशीनंतर जास्त बोचतं.