हरभऱ्यात उशिरा मरणारी झाडं फेकू नका

मर रोगाची बुरशी मुद्दाम वाढवलेल्या चाचणीच्या प्लॉटमध्ये एकच फेरी मारून उभं झाड चांगलं आणि वाळलेलं वाईट असं ठरवलं की निवड तिथेच फसते. जेजी 62 हे मरला लगेच बळी पडणारं वाण रोपावस्थेतच कोलमडतं. के 850 आणि सी 104 हे वाणही मरतात, पण उशिरा, आणि तो उशीर मोलाचा आहे. मर रोगाच्या बुरशीच्या वंश 1 (तिचा एक प्रकार) विरुद्ध हरभऱ्यातली तीन जनुकं काम करतात. त्यातलं एकटं असेल तर मर लांबते, कोणतीही दोन एकत्र आली की झाड तगतं. म्हणूनच या दोन मरणाऱ्या वाणांच्या संकरातून न मरणारी झाडं निघाली. मोजणी दोनदा करा, तिसाव्या दिवशी आणि घाटे भरताना.

मेलेलं झाड उपटून खोड उभं चिरा. आत तपकिरी-काळी रेघ दिसली तर ती मर. सोटमूळ कोरडं, ठिसूळ आणि तंतुमुळं गळालेली असतील तर ती कोरडी मूळकूज. ती ऊन वाढल्यावर येते. ही दोन एकात मोजली तर सगळी नोंद वाया जाते.

प्लॉट तयार करायला दोन-तीन हंगाम लागतात. मेलेली झाडं बारीक करून त्याच मातीत मिसळायची आणि जेजी 62 पुन्हा पेरायचं. ते सगळीकडे सारखं मेलं की चाचणी सुरू. तेव्हाही दर दोन ओळींनंतर त्याची एक ओळ हवीच, नाहीतर बुरशी कमी असलेल्या तुकड्यातलं झाड प्रतिकारक वाटतं.

संकरासाठी आदल्या दिवशीची बंद कळी घ्या. फूल उमलण्याआधीच स्वपरागण उरकलेलं असतं. दहाही परागकोश काढा. आंबेने (झाडावरच्या आंबट स्रावाने) चिमटा चिकट होतो, दर कळीनंतर पुसा. पांढऱ्या फुलाचा काबुली मादी ठेवला आणि नर गुलाबी फुलाचा देशी, तर संकरित रोप गुलाबी फुलावरूनच ओळखता येतं.

थंडीची निवड पुण्यात अवघड. दिवसाचं सरासरी तापमान 15 अंशांखाली गेलं की फुलं गळतात. आपल्याकडे पहाट कितीही गार असली तरी दुपारचं ऊन ती सरासरी वर ओढतं. ऑस्ट्रेलियातले सोनाली आणि रूपाली हे वाण थंडीत वाढणारा पराग निवडून काढले. इथे निदान गार आठवड्यात उमललेल्या फुलांना रंगीत दोरा बांधा आणि घाटे मोजा.

पेरणीपुरतं सांगायचं तर ऑक्टोबरच्या उन्हात घाई नको. बागायतीला 20 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर, 30 बाय 10 सेंटिमीटर; किलो बियाण्याला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी बुरशी) आधी, रायझोबियम (नत्र मिळवून देणारे जिवाणू) नंतर, आणि बी सावलीत सुकवा.