तुम्ही विचारलंत म्हणून: मी रिव्ह्यू असे का वाचते

"पुस्तक चांगलंय की नाही तेवढं सांग ना, समीक्षकाची उलटतपासणी कशाला?" हे इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाचं लिहूनच टाकते.

रिव्ह्यूतला निकाल मी शेवटी बघते. आधी बघते की पुस्तकातलं नेमकं काय उचललंय आणि कशाला हातच लावलेला नाहीये. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' या आपल्या मासिकात जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांचा समाचार घेतला तेच बघा. 'गुलामगिरी' 1873 ची, निबंधमाला 1874 ला सुरू झाली. 'गुलामगिरी'त जोतीराव आणि धोंडीबाच्या संवादातून विष्णूच्या अवतारांच्या कथा बळीराजाच्या बाजूने मांडल्यात, केवढा मोठा दावा आहे तो, खोडायचा तर मुळापासून खोडा! शास्त्रीबुवांनी भर दिला तो व्याकरणावर आणि टिंगलीवर. त्यांचं गद्य मला आजही आवडतं, लपवत नाही, आणि म्हणूनच जास्त त्रास होतो, कारण वाक्य इतकं झोकदार असलं की पुरावा मागायचं सुचतच नाही.

हो, यात माझं स्वतःचं दुखणं आहे. माझ्या कथासंग्रहावर एका पुरवणीत परीक्षण आलं होतं. त्यातली मोठी कथा गावाकडून हॉस्टेलला गेलेल्या मुलीची, आणि ती मुलगीच ती सांगते. परीक्षकांनी दोन वाक्यं एकाखाली एक छापली. पहिलं, "आई म्हनली, डबा आत्ताच उघडू नगं, गाडीत खा." दुसरं, "आईने दिलेला डबा मी उघडलाच नाही." आणि खाली शेरा, लेखिकेची भाषेवर एकसारखी पकड नाही. पहिलं वाक्य कथेच्या सुरुवातीचं, दुसरं पार शेवटाकडचं. मधली सगळी पानं ती मुलगी वर्गात हसू झाल्यावर, मेसमध्ये, मैत्रिणींच्या घरी आपलं बोलणं बदलत जाते, कथा त्याचीच आहे. ती पानं परीक्षणात नव्हतीच. वाक्यं माझीच होती, एक अक्षर बदललेलं नव्हतं, त्यामुळे खोटं लिहिलंय असंही म्हणता येईना. आईने पेपर घडी करून ठेवला आणि विचारलं, "मी बोलते तसं लिहिलंस म्हणून का गं?" मला उत्तर देता आलं नाही, आजही नीट देता येत नाही.

तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले होते की लेखकाला काय म्हणायचंय ते समजून घेणं हेच समीक्षकाचं काम. आज मला ते पटत नाही. लेखकाचा हेतू काहीही असो, पानावर उतरलंय का ते बघायचा समीक्षकाला पूर्ण हक्क आहे. कदाचित त्या मुलीचं बदलणं मी लिहिलंय त्यापेक्षा माझ्या डोक्यातच जास्त असेल. पण मग तसं लिहा ना, की मधल्या पानांत बदल दिसतो पण पटत नाही, अमुक प्रसंगात घाई झालीये. त्यावर मी भांडले असते, चिडले असते, पण बोलायला काहीतरी मिळालं असतं.

आणि हो, त्याच परीक्षणाच्या शेवटी "आश्वासक संग्रह" असंही लिहिलं होतं, त्यालाही पुरावा नव्हताच. त्याबद्दल मी कुणाकडे तक्रार केली नाही. मग माझा राग पद्धतीवर होता की निकालावर, हे मैत्रीण विचारते तेव्हा मी पद्धतीवर म्हणते, ती मानत नाही.